कॅलक्युलेटर कंपासपेटीतच राहिला

"मॅडम, पेपरात कॅलक्युलेटर वापरायची परवानगी मिळाली खरी, पण ही एक प्रकारे कॉपीच नाही का?"

डिस्कॅल्क्युलिया, म्हणजे आकडे आणि आकडेमोड यांतच अडचण, असलेल्या मुलांचे पालक दहावीच्या तोंडावर हे विचारतातच. या आईने जरा आवाज खाली करून विचारलं, कारण मुलगा बाहेर बाकावर बसला होता.

मी त्याची वही उघडली. ७, १३, १९, २५… या अंकगणिती श्रेढीचं एकोणिसावं पद काढायचं होतं. पठ्ठ्याने सूत्र बरोबर लिहिलं होतं, किमतीही बरोबर घातल्या होत्या: ७ + १८ × ६. मग १०८ च्या जागी १८० लिहिलं आणि उत्तर आलं १८७. हवं होतं ११५.

"ताई, यात त्याला काय आलं नाही?"

तिने बराच वेळ पाहिलं. "आकडा उलटापालटा झालाय."

तेवढाच. कॅलक्युलेटर तेवढ्याच जागी मदत करतो. कुठलं सूत्र लावायचं, कशाच्या जागी काय ठेवायचं, हे त्याला कॅलक्युलेटर सांगत नाही. चष्मा लावून पेपर लिहिणाऱ्याला आपण कॉपीबहाद्दर म्हणत नाही.

तिचं समाधान झालं, आणि माझंही काम संपलं असं मी धरून चालले. तिथेच चुकले. सराव परीक्षेत बीजगणितात त्याला ४० पैकी ११ गुण पडले. कॅलक्युलेटर कंपासपेटीतून बाहेर निघालाच नव्हता.

"का रे?"

"पेपरवरच लिहिलंय ना, वापरायचा नाही म्हणून."

खरंच आहे. वर्षानुवर्षं गणिताच्या पेपरात सुरुवातीलाच ती सूचना असते. रुग्णालयाचं प्रमाणपत्र, शाळेमार्फत मंडळाकडे गेलेला प्रस्ताव, आलेली मंजुरी, सगळं फायलीत नीट लावलेलं. पण ती सूचना आपल्याला लागू नाही, हे त्या पोराला कुणी सांगितलंच नव्हतं. मीसुद्धा नाही. दुसरं कारण त्याने पुढच्या भेटीत सांगितलं. कॅलक्युलेटर बाबांच्या दुकानातला होता, प्रत्येक बटणाला टूं टूं वाजणारा. अख्खा वर्ग वळून बघेल अशी त्याला धास्ती.

मग मंजुरीचं पत्र त्यालाच मोठ्याने वाचायला लावलं. आवाज न करणारा, मोठ्या बटणांचा साधा कॅलक्युलेटर आणला. आणि मग कळलं की तो वापरायलाही शिकवावं लागतं. साध्या कॅलक्युलेटरवर ७ + १८ × ६ असं ओळीने दाबलं तर उत्तर येतं १५०, कारण तो आधी बेरीज उरकून घेतो. म्हणून गुणाकार आधी, बेरीज नंतर. शिवाय बटणं दाबतानाही आकडा उलटा पडू शकतोच. त्यावर एक सवय लावली: मनात "एक, आठ" म्हणायचं, दाबायचं, पडद्यावर बघायचं, मग पुढचं बटण. उत्तर कागदावर उतरवतानाही तसंच. सुरुवातीला फार वेळ जायचा, तो वैतागायचा. एकदा तर त्याने कॅलक्युलेटर टेबलावर आपटला.

बोर्डाच्या पेपरच्या संध्याकाळी आईचा फोन आला. पर्यवेक्षकांनी "हे काय?" म्हणून हटकलं, तर याने स्वतः पत्र पुढे केलं म्हणे.

"आणि मॅडम, दोन बेरजा त्याने हातानेच केल्या. म्हणाला, त्या येतात मला."