पारपटल बदलायचं, पण कोणता थर? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

बुबुळाच्या समोरची पारदर्शक काच म्हणजे पारपटल, अर्थात कॉर्निया. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, पण थर अनेक: वरची साल, मधला जाड थर आणि आतला पेशींचा थर हे मुख्य. या विषयावर आलेल्या बहुतेक पत्रांत ‘डोळ्याचं पटल बदलायला सांगितलंय’ एवढंच लिहिलेलं असतं. कोणता थर बिघडलाय हे रुग्णाला कुणी सांगितलेलं नसतं, आणि उपचार तर त्यावरच ठरतो.

आईचं वय ६८. दीड वर्षापूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आता सकाळी उठल्यावर सगळं धुरकट दिसतं, दुपारपर्यंत थोडं निवळतं. एक डॉक्टर म्हणतात पूर्ण पटल बदला, दुसरे म्हणतात फक्त आतला थर बदलून भागेल. कोणाचं ऐकावं? – एक वाचक, बार्शी

सकाळी धुरकट आणि दुपारी बरं, हे लक्षण आतल्या थराकडे बोट दाखवतं. या थरातल्या पेशी पटलात शिरणारं पाणी सतत बाहेर उपसत असतात. रात्री पापण्या मिटलेल्या असल्यानं पाण्याची वाफ होत नाही, म्हणून पहाटे सूज सर्वांत जास्त असते. तरुण माणसात या पेशी दर चौरस मिलिमीटरला २५०० ते ३००० असतात. मेलेल्या पेशींच्या जागी नव्या तयार होत नाहीत. संख्या ५०० च्या आसपास आली की पटल सुजू लागतं. मोतीबिंदूच्या प्रत्येक ऑपरेशनमध्ये थोड्या पेशी जातातच. मुळातच त्या कमी असतील, किंवा मोतीबिंदू फार पिकून कडक झालेला असेल, तर उरलेल्या पेशींना काम झेपत नाही.

५ टक्के मिठाचे थेंब आणि रात्री त्याचंच मलम यानं सकाळचं धुरकटपण कमी होतं, पण पेशी परत येत नाहीत. पुढे पृष्ठभागावर पाण्याचे बारीक फोड येतात. ते फुटले की डोळा खुपतो, पाणी वाहतं.

मधला जाड थर अजून स्वच्छ असेल, तर फक्त आतला थर बदलणं योग्य. त्याच्या दोन पद्धती आहेत. डीसेकमध्ये दात्याच्या आतल्या थरासोबत मधल्या थराचीही पातळ चकती येते, एकूण सुमारे १०० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). डीमेकमध्ये नुसता १० ते १५ मायक्रॉनचा पापुद्रा बसवतात. डीमेकनंतर नजर लवकर आणि जास्त स्पष्ट येते, शरीरानं पटल नाकारण्याचा धोकाही कमी. मात्र तो पापुद्रा गुंडाळी होऊन येतो, उलगडायला कठीण असतो आणि सुटण्याचं प्रमाणही जास्त. आईंच्या डोळ्यात भिंग पुढच्या कप्प्यात बसवलेलं असेल किंवा काचबिंदूसाठी नळी घातलेली असेल, तर बरेच सर्जन डीसेक निवडतात, आणि ते बरोबरच आहे.

दोन्हींत टाके अगदी मोजके. नवा थर चिकटून राहावा म्हणून डोळ्यात हवेचा बुडबुडा सोडतात. म्हणून पहिले एक-दोन दिवस छताकडे तोंड करून उताणं झोपावं लागतं. जेवण आणि शौचापुरतं उठता येतं. आईंना दम लागत असेल किंवा पाठीमुळे उताणं झोपता येत नसेल, तर हे ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना सांगा. त्या रात्री डोळा ठणकू लागला, उलट्या झाल्या तर पित्त झालं असेल म्हणून थांबू नका. बुडबुड्यामुळे डोळ्याचा दाब वाढलेला असू शकतो, लगेच फोन करा. थर थोडा सुटला तर पुन्हा हवा भरून बहुतेक वेळा तो बसतो.

दोन्ही डॉक्टरांना एकच विचारा: मधल्या थरात डाग धरलाय का? धरला असेल तर पूर्ण पटल बदलावं लागू शकतं. नसेल तर आतल्या थरावर भागेल, पण मग सूज महिनोन्‌महिने अंगावर काढू नका. जुन्या सुजेनंच तो डाग धरतो.

मुलगा १७ वर्षांचा. दर सहा महिन्यांनी सिलिंडर नंबर वाढतो. केराटोकोनस सांगितलाय, सी-थ्री-आर करा म्हणतात. त्यानं चष्मा जाईल का? – एक पालक, नाशिक

चष्मा जाणार नाही. सी-थ्री-आर आजार थांबवण्यासाठी आहे. केराटोकोनसमध्ये पटल पातळ होऊन शंकूसारखं पुढे येतं, ते आणखी येऊ नये म्हणून मधला थर कडक करायचा, एवढाच हेतू. या वयात आजार झपाट्यानं वाढतो, तेव्हा ‘अजून एक वर्ष बघू’ असं करू नका.

नेहमीच्या पद्धतीत थेंबांची भूल देऊन ८ ते ९ मिलिमीटर भागातली वरची साल काढतात, अर्धा तास रायबोफ्लेविनचे (ब-२ जीवनसत्त्वाचे) थेंब घालतात आणि मग अतिनील किरण सोडतात. मूळ पद्धतीत किरणांनाही अर्धा तास लागतो. जास्त तीव्रतेच्या यंत्रावर दहा मिनिटं. साल काढल्यावर पटल किमान ४०० मायक्रॉन हवं, नाहीतर किरण आतल्या पेशींना इजा करतात. त्याहून पातळ असेल तर पटल तात्पुरतं फुगवणारे थेंब वापरण्यासारखे वेगळे मार्ग आहेत. नंतर दोन-तीन दिवस डोळा चांगलाच दुखतो. साल भरेपर्यंत, म्हणजे चार-पाच दिवस, मलमपट्टीसारखी मऊ लेन्स ठेवतात. ती आपण काढायची नाही आणि डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. काही आठवडे पूर्वीपेक्षाही धूसर दिसेल, त्यानं घाबरू नका.

नजरेसाठी पुढे सेमी-सॉफ्ट (थोडी कडक) किंवा स्क्लेरल (डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी) लेन्स लागते. लेन्स आधीपासून वापरत असेल तर टोपोग्राफीच्या, म्हणजे पटलाच्या आकाराचा नकाशा काढणाऱ्या तपासणीच्या, आधी सॉफ्ट लेन्स आठवडाभर आणि सेमी-सॉफ्ट दोन-तीन आठवडे काढून ठेवावी, नाहीतर नकाशा चुकीचा येतो. आणि डोळे चोळणं बंद झालंच पाहिजे. ॲलर्जीची खाज असेल तर तिचा उपचार करा, हातावर डोळा दाबून झोपू देऊ नका. सी-थ्री-आर करूनही चोळणं सुरू राहिलं तर आजार पुन्हा सरकू शकतो. चष्मा घालवायचं लेसर ऑपरेशन या मुलानं करायचं नाही.

लेन्स बसत नाही किंवा मध्ये डाग आहे, अशा वेळी डाल्क करतात. त्यात पुढचे थर बदलतात आणि आतला थर त्याचा स्वतःचाच राहतो, त्यामुळे तो नाकारला जाण्याचा प्रश्नच नाही.

ऊसतोडीत पाचटाचं पातं डोळ्याला लागलं. मेडिकलमधून थेंब आणून घातले, जखम महिनाभर चिघळली. आता बुबुळावर पांढरं फूल आहे. लेसरनं निघेल का? – एक शेतकरी, माळशिरस

फूल किती खोल आहे, त्यावर अवलंबून. ओसीटी या पटलाचा आडवा छेद दाखवणाऱ्या तपासणीत खोली मायक्रॉनमध्ये मोजता येते. वरवरचं, साधारण १०० मायक्रॉनपर्यंतचं असेल तर लेसरनं खरवडता येतं. चष्म्याचा नंबर बदलतो. पण आधी सेमी-सॉफ्ट लेन्स लावून नजर तपासा. तिनं नीट दिसलं तर अडचण फुलापेक्षा खडबडीत पृष्ठभागाची आहे, आणि ऑपरेशन टळू शकतं. खोल असेल तर डाल्क, आरपार असेल तर पूर्ण पटल. पूर्ण रोपणात ७.५ ते ८ मिलिमीटरची चकती केसाहून बारीक, बहुधा १६ टाक्यांनी बसवतात, आणि नजर स्थिरावायला वर्ष-दीड वर्ष जातं.

शेतातल्या अशा जखमेत बहुधा बुरशी शिरते. दुकानातल्या थेंबांत स्टिरॉइड असेल तर लाली उतरते, बरं वाटतं आणि आत बुरशी फोफावते. त्यामुळे वस्तीवर कुणाला पातं लागलं तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. जखम खरवडून घेतलेल्या नमुन्यावर काचपट्टीवर १० टक्के केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की बुरशी तिथल्या तिथे ओळखता येते. बुरशीवर ५ टक्के नॅटामायसिन, सुरुवातीला दर तासाला, पुढे कित्येक आठवडे. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयासह दक्षिण भारतात झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हे जुनं औषध महागड्या व्होरिकोनॅझोलपेक्षा सरस ठरलं. एरंडेल, मध, दूध यांतलं काहीही डोळ्यात घालू नका.

काचबिंदूनं गेलेली नजर पटल बदलून येईल का? – एक वाचक, रत्नागिरी

नाही. काचबिंदूत डोळ्यामागची नस सुकते. रोपण फक्त समोरच्या काचेचं होतं. पूर्ण डोळा बदलून नजर आणणं आज शक्य नाही.

दोन वर्षांपूर्वी पटल बसवलंय. कालपासून डोळा लाल आहे, दुखत नाही. सोमवारपर्यंत थांबू का? – एक वाचक, वसई

थांबू नका, आजच जा. लाली, उजेड सहन न होणं, धूसर दिसणं, दुखणं यांतलं एकही लक्षण पुरेसं आहे. शरीर पटल नाकारू लागलं असेल तर दर तासाला स्टिरॉइडचे थेंब लागतात, आणि वेळेत आलेल्या रुग्णाचं पटल बऱ्याचदा वाचतं. कधी नुसता टाका सैल झालेला असतो. तो टोचतो, त्याला चिकट स्राव धरतो आणि तिथून जंतू आत जातात. दोन्हींत डोळा लालच दिसतो, पण उपचार उलट आहेत. म्हणून घरातली स्टिरॉइडची जुनी बाटली स्वतःहून सुरू करू नका. रोजचे थेंब स्वतःहून बंदही करू नका. त्यांनी डोळ्याचा दाब वाढतो, तो मात्र दर भेटीत मोजून घ्या.

वडील ८१ वर्षांचे, मधुमेही, दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू काढलेला. त्यांची नेत्रदानाची इच्छा आहे. डोळे घेतील का? – एक वाचक, लातूर

घेतील. वय, मधुमेह, चष्मा, मोतीबिंदूचं ऑपरेशन, काहीच आड येत नाही. एड्स, ब किंवा क कावीळ, रेबीज, रक्ताचा कर्करोग, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग असेल तर डोळे रोपणाला चालत नाहीत. मृत्यूनंतर पंखा बंद करा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या आणि नेत्रपेढीला लगेच फोन करा. सहा तासांच्या आत पटल काढावं लागतं. पथक घरी येतं, पंधरा-वीस मिनिटांत काम होतं, चेहरा विद्रूप होत नाही. आधी अर्ज भरलेला नसला तरी जवळच्या नातेवाइकाच्या लेखी संमतीवर दान होतं. मृत्यूचा दाखला हाताशी ठेवा.

८१ व्या वर्षी आतल्या पेशी कमी भरल्या तरी दान वाया जात नाही. पुढचे थर स्वच्छ असतील तर तेच पटल डाल्कसाठी चालतं, कारण त्यात दात्याचा आतला थर वापरायचाच नसतो.