गाजर गवताच्या कोवळ्या रोपांवर तापमानाचा परिणाम

पावसाळ्यात फोफावणारे गाजर गवत हिवाळ्यात जमिनीलगत का बसून राहते आणि त्यामागे तापमानाचा वाटा किती, असा आपला प्रश्न आहे. वाटा मोठा आहे, परंतु ओलाव्याला वगळून त्याचा विचार करता येत नाही.

मूळच्या अमेरिका खंडातील आणि 1950च्या दशकात पुण्यात नोंद झाल्यानंतर देशभर पसरलेल्या या तणाचे बी साधारणपणे 10 ते 30 अंश सेल्सिअस एवढ्या रुंद पट्ट्यात रुजू शकते, आणि 20 ते 25 अंशांच्या आसपास ते सर्वांत चांगले रुजते. जून-जुलैतील ढगाळ हवेत जमीन नेमकी याच्या जवळपास येते; शिवाय बियांच्या आवरणातील उगवण रोखणारी द्रव्ये पावसाने धुऊन जातात. मे महिन्यात मात्र कोरड्या, तापलेल्या जमिनीत बी तसेच पडून राहते.

उगवल्यानंतरचे गणित थोडे वेगळे आहे. रोप प्रथम गाजरासारख्या पानांचा चपटा झुपका धरते. हवा उबदार असेल तर त्यातून लवकरच खोड वर येते आणि एक-दीड महिन्यात पांढरी फुले दिसू लागतात. थंडीत तोच झुपका कित्येक आठवडे तसाच राहतो. माझ्या मते उपटण्यासाठी हीच अवस्था सर्वांत सोयीची आहे. हातमोजे अवश्य घालावेत, कारण या वनस्पतीच्या स्पर्शाने अनेकांच्या त्वचेला तीव्र खाज सुटते.