त्रैक्याचं गणित सोडवायला बसू नकोस

प्रिय मुली,

प्रभूच्या नावाने सलाम.

हॉस्टेलवरच्या मैत्रिणीने "म्हणजे तुमचे देव तीन की एक?" असं विचारलं आणि तुला धड उत्तर देता आलं नाही, म्हणून तू खट्टू झाली आहेस. होऊ नकोस. इतक्या सरळपणे विचारणारी मैत्रीण भेटली, हे चांगलंच झालं. फक्त उत्तराची सुरुवात आकड्यांपासून करू नकोस. तीन देव मिळून एक देव होतो, असं मंडळीने, म्हणजे चर्चने, कधी शिकवलेलंच नाही. देव एकच, आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा या तीन व्यक्ती; यालाच आपण त्रैक्य म्हणतो. प्रत्येक जण पूर्ण देव, एकतृतीयांश देव कुणीच नाही.

सुरुवात माणसांपासून कर. येशूचे पहिले शिष्य यहूदी होते. देव एकच आहे हे जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकातलं वचन त्यांच्या अंगात भिनलेलं. परक्या देवापुढे मान तुकवण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्यांच्या वंशातली ही माणसं. त्यांनीच नासरेथच्या एका सुताराला, तोही क्रुसावर मारलेला, प्रभू म्हणून हाक मारायला सुरुवात केली; आणि तरी देव एकच हे त्यांनी सोडलं नाही. रविवारी उपासना संपताना पाळकसाहेब हात उंचावून जो आशीर्वाद देतात, तो आठव: प्रभू येशू ख्रिस्ताची कृपा, देवाची प्रीती, पवित्र आत्म्याची सहभागिता. प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा तो शेवट आहे. तो लिहिला तेव्हा येशूच्या मरणाला जेमतेम पंचवीसेक वर्षं झाली होती. सिद्धान्त मागाहून आला. प्रार्थना आधीपासून चालू होती.

मग इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात एरियस नावाच्या धर्मगुरूने प्रश्न उभा केला. पुत्र थोर आहे, सगळ्या सृष्टीच्या आधीचा आहे, पण तोही निर्माण केलेलाच. तो नव्हता अशी एक स्थिती होती, असं तो शिकवू लागला. ऐकायला सोपं, बुद्धीला पटणारं. सम्राट कॉन्स्टंटाइनने 325 मध्ये नायसिया इथे बिशपांची परिषद बोलावली आणि पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे, असा निर्णय झाला. पण वाद तिथे मिटला नाही. पुढची पन्नासेक वर्षं पारडं वर-खाली होत राहिलं. अथनासियस हा अलेक्झांड्रियाचा बिशप या एका मुद्द्यापायी पाच वेळा हद्दपार झाला. एवढा हट्ट कशासाठी? त्याचं म्हणणं नीट ऐक. ख्रिस्त जर निर्मितीपैकीच एक असेल, तर तो आपल्याला देवापर्यंत नेणार कसा? जो स्वतःच अलीकडच्या काठावर उभा आहे, तो दुसऱ्याला पलीकडे कसा पोचवणार? त्याच्या दृष्टीने हा तारणाचा प्रश्न होता, आणि मला तो आजही तसाच वाटतो. पवित्र आत्म्याबद्दलचा तसाच वाद 381 मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने निकाली काढला. आपण म्हणतो तो नायसीन मतांगीकार, म्हणजे विश्वासाची कबुली, बहुतांशी तिथल्याच रूपात आहे.

आता दाखल्यांबद्दल. पाणी, बर्फ, वाफ हा दाखला तुला संडे स्कूलपासून पाठ आहे. तो देऊ नकोस. त्यातून अर्थ निघतो तो असा, की एकच देव कधी पिता होतो, कधी पुत्राचं सोंग घेतो, कधी आत्म्याचं. तिसऱ्या शतकात सबेलियसच्या नावाने हेच मत पसरलं होतं आणि मंडळीने ते नाकारलं. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशू "अब्बा, बापा" म्हणून रडत होता, तो मग कुणापुढे?

मैत्रीण ब्रह्मा-विष्णू-महेशाबद्दल विचारेल. तिच्या श्रद्धेचा मान राखून एवढंच सांग की इथे उत्पत्ती, स्थिती, लय अशी कामांची वाटणी नाही. बायबलमधल्या 'उत्पत्ती' या पुस्तकाच्या पहिल्याच ओळींत आत्मा जलांवर आहे. सगळं पुत्राच्या द्वारे निर्माण झालं असं योहान आपल्या शुभवर्तमानात म्हणतो. करणारा एकच देव, आणि प्रत्येक कामात तिघेही.

हे सगळं वाचूनही गळी उतरलं नाही, तर स्वतःला कमी विश्वासाची समजू नकोस. पंडिता रमाबाईंचा 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे बाप्तिस्मा झाला. त्यानंतर त्यांनी तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीनशी पत्रांतून या सिद्धान्तावर अक्षरशः झगडा केला. कुणी अधिकाराने सांगितलं म्हणून मान्य करायला त्या तयार नव्हत्या. पवित्र शास्त्रात कुठे आहे ते दाखवा, असा त्यांचा आग्रह होता. समजुतीने पुढे जाणारी बाई होती ती. पुढे याच बाईंनी केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं शास्त्र मराठीत आणलं. प्रश्न विचारणाऱ्यांना मंडळीत जागा नाही असं कुणी म्हणालं, तर हे नाव सांग.

आणि एक गोष्ट करून बघ. रात्री प्रार्थनेला बसशील तेव्हा काय घडतंय याकडे लक्ष दे. तू पित्याला हाक मारतेस. ती येशूच्या नावाने मारतेस, कारण त्याचा पिता त्याने तुला दिला. आणि बोलायला शब्द सुचत नाहीत तेव्हा आत्मा आपल्यासाठी कण्हत विनवणी करतो, असं रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात आहे. म्हणजे तू देवाला बाहेरून न्याहाळत नसतेस. पित्याचं आणि पुत्राचं जे बोलणं चाललेलं आहे, त्यात तुला बसवून घेतलेलं असतं. त्रैक्य मला पुस्तकांपेक्षा इथे जास्त कळलं.

योहानाचे चौदा ते सतरा हे अध्याय सावकाश वाच, रोज थोडेसे. सतराव्यात येशू पित्याला म्हणतो की जगाच्या स्थापनेपूर्वी तू माझ्यावर प्रीती केलीस. जग नव्हतं, माणूस नव्हता, तेव्हाही देवाच्या ठायी प्रीती करणारा आणि प्रीती घेणारा होता. देव प्रीती आहे, हे वाक्य मला या एका ओळीमुळे खरं वाटतं.

मैत्रिणीला हवं असेल तर दोघी मिळून वाचा. ती जिथे अडेल तिथे खूण कर, आणि ते सगळे प्रश्न मला लिहून पाठव. नाताळच्या सुटीत घरी येशील तेव्हा रमाबाईंची ती पत्रं आपण एकत्र वाचू.

तुझे,
सर