पाचट चुन्यात भिजवून गोबरगॅसला घातलं तर आतले जिवाणू मरतील का?

तुम्ही इस्लामपूरजवळचे. शेण कमी पडतं म्हणून उसाच्या पाचटाची कुट्टी चुन्याच्या पाण्यात भिजवून घरच्या गोबरगॅसला घालायची म्हणताय, आणि चुन्यानं जिवाणू मरतील ही धास्ती आहे.

चुन्याचं पाणी निथळून, कुट्टी एकदा धुऊन घातलीत तर मरणार नाहीत. उरलासुरला चुना टाकीतल्या कार्बन डायऑक्साइडशी जुळून खडूसारखा तळाला बसतो. खरी पंचाईत चुन्यानं काम चोख केलं की सुरू होते.

पाचटातलं सेल्युलोज, म्हणजे ज्यातून साखर निघते तो तंतू, लिग्निन नावाच्या चिवट पदार्थाच्या आवरणात कोंडलेलं असतं. चुना ते आवरण सैल करतो. मग सेल्युलोज फोडणारे आणि त्यातून निघालेल्या साखरेची आम्लं करणारे जिवाणू तुटून पडतात. आम्लं करणारे तर काही तासांत दुप्पट होतात. मिथेन, म्हणजे शेगडीत जळणारा गॅस, करणारे मात्र शेवटच्या टप्प्यावर, आणि ते मुळात जिवाणूही नाहीत. आर्किया हा वेगळाच गट आहे. त्यांना दुप्पट व्हायला दिवस लागतात. तोडणीच्या टोळ्या वाढवल्या आणि कारखान्याचं गाळप तेवढंच राहिलं, तर यार्डात ऊस पडून राहतो ना, तसंच हे. आम्लं साठतात, पीएच उतरतो, म्हणजे काला आंबट होतो. मिथेनवाल्यांना ६.८ ते ७.५ च्या आसपासच मानवतं.

खाद्य हळूहळू वाढवलं तर त्यांच्यातही फेरबदल होतो. थोड्याशा असिटिक आम्लावर जगणारी मेथॅनोसीटा मागं पडते, जास्त आम्ल सोसणारी मेथॅनोसार्सिना पुढं येते. एकदम पाटीभर ओतलं तर एवढी सवड कुणालाच मिळत नाही.

कॉस्टिक सोडा किंवा गंधकाम्ल वापरायचा सल्ला कुणी दिला तर घरच्या प्लांटला ऐकू नका. सोड्यातलं सोडियम जास्त झालं की मिथेनवाल्यांना बाधतं. गंधकाम्लातल्या सल्फेटवर दुसरेच जिवाणू पोसतात, ते मिथेनवाल्यांचं खाद्य पळवतात आणि कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड सोडतात, जो बर्नर आणि पाइप खातो. आपल्याकडचे बहुतेक कारखाने रस गंधकानं साफ करतात, त्यामुळं प्रेसमडच्या, म्हणजे रस गाळून उरलेल्या गाळाच्या, गॅसलाही हा त्रास असतोच.

माझं मत विचाराल तर चुनाही नको. कुट्टी बोटाच्या पेराएवढी बारीक करा आणि प्लांटातून बाहेर पडणाऱ्या शेणकाल्यातच दोन-तीन दिवस मुरवा. फोडणारे जिवाणू त्यात आधीच आहेत, फुकट आहेत. चुन्याइतकं पाचट उघडणार नाही, पण टाकी सांभाळली जाईल.

बाहेरच्या काल्याला आंबूस वास आला, शेगडीची ज्योत उडून विझायला लागली, की पाचट बंद करून नुसतं शेण घाला. गाईच्या पोटातून मिथेनवाले शेणाबरोबर येतातच. आणि कुट्टी तरंगून वर साय धरते, तेव्हा टाकी लोखंडी तरंगती असेल तर रोज चार वेढे फिरवत जा.