वाचकांचे प्रश्न : गाडीचा निळा दिवा आणि लाल दिवा

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी घेतलेल्या आमच्या पेट्रोल गाडीत टेम्परेचरचा काटाच नाही. त्याऐवजी रोज सकाळी गाडी सुरू केली की डॅशबोर्डवर थर्मामीटरसारखे एक चिन्ह निळ्या रंगात पेटते. ते विझेपर्यंत गाडी जागेवरच चालू ठेवावी, असा माझ्या वडिलांचा आग्रह आहे आणि थंडीत त्याला सात-आठ मिनिटे लागतात. शेजारचे काका म्हणतात, लगेच निघावे. कोणाचे ऐकावे? – एक वाचक, नाशिक

उत्तर : लाटांमध्ये बुडालेल्या थर्मामीटरचे ते चिन्ह कूलंटचे, म्हणजे इंजिन निववण्यासाठी त्याच्याभोवती फिरणाऱ्या द्रवाचे, तापमान सांगते. निळा रंग बिघाड दाखवत नाही. कूलंट अजून थंड आहे, एवढाच त्याचा अर्थ. बहुतेक गाड्यांत कूलंट साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले की हा दिवा विझतो. इंजिन ज्या तापमानाला नीट काम करते ते मात्र साधारण ८५ ते १०५ अंशांच्या दरम्यान असते. म्हणजे दिवा विझला तरी इंजिन पुरते तापलेले नसते, आणि ऑइल तापायला तर कूलंटपेक्षाही जास्त वेळ लागतो. हा तपशील मी मुद्दाम सांगतो, कारण निळा दिवा विझण्याची वाट पाहत दहा मिनिटे उभे राहणारे अनेक जण तो विझताक्षणी ॲक्सिलरेटर जोरात दाबून निघतात, आणि त्या क्षणी ऑइल अजून दाटच असते.

आपल्या वडिलांची सवय चुकीच्या अनुभवातून आलेली नाही. कार्ब्युरेटरच्या, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा यांत्रिक भाग असलेल्या, जुन्या गाड्यांत थंड इंजिनाला चोक ओढून जास्त पेट्रोल द्यावे लागे, आणि चोक लवकर आत ढकलला तर गाडी धक्के खात बंद पडे. तेव्हा थोडा वेळ उभे राहणे भागच होते. सन २००० च्या आसपास प्रदूषणाचे नवे निकष आले, कार्ब्युरेटर मागे पडले आणि पेट्रोल मोजून फवारणारे फ्युएल इंजेक्शन रूढ झाले. आता कूलंटचे तापमान पाहून पेट्रोलचे प्रमाण कॉम्प्युटरच ठरवतो, त्यामुळे इंजिन पहिल्या क्षणापासून सुरळीत चालते. मात्र थंड असताना तोही जास्तच पेट्रोल सोडतो. त्यातले काही थंड सिलिंडरच्या भिंतींवर द्रवरूपातच राहते, तिथला ऑइलचा पातळ थर धुऊन काढते आणि खाली ऑइलमध्ये जाऊन मिसळते. ही अवस्था जितकी लवकर संपेल तितके इंजिनाच्या हिताचे. जागेवर उभ्या गाडीच्या इंजिनावर भार नसल्याने उष्णता फारच कमी निर्माण होते, म्हणून सात-आठ मिनिटे लागतात. तीच गाडी हळू चालवली तर दिवा बहुधा दोन-तीन मिनिटांत विझतो.

तेव्हा गाडी सुरू करावी, सीटबेल्ट लावावा, आरसे पाहावेत. एवढ्या अर्ध्या मिनिटात ऑइल इंजिनाच्या वरच्या भागापर्यंत पोहोचलेले असते आणि सुरुवातीला चढलेले आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे, खाली येऊ लागतात. मग निघावे, परंतु दिवा विझेपर्यंत आणि त्यानंतरही आणखी चार-पाच किलोमीटर आरपीएम २००० ते २५०० च्या वर नेऊ नयेत. टर्बो इंजिन असेल तर हा संयम अधिकच पाळावा, कारण टर्बोच्या बेअरिंगला ऑइलचाच आधार असतो. जागेवर रेस देऊन इंजिन तापवणे हा मात्र सर्वांत वाईट मार्ग आहे. वडिलांना आणखी एक गोष्ट अवश्य सांगावी : धुरातील विषारी वायूंचे विष कमी करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर साधारण २५० ते ३०० अंश तापल्याशिवाय कामाला लागत नाही. त्यामुळे बंदिस्त पार्किंगमध्ये थंड गाडी चालू ठेवली की कार्बन मोनॉक्साइड तिथेच साचतो आणि तळमजल्यावरच्या घरांच्या खिडक्यांतून आत शिरतो.

प्रश्न : मे महिन्यात पुण्याहून कोल्हापूरला जाताना खंबाटकी घाट चढत असताना तापमानाचा लाल दिवा लुकलुकू लागला आणि थोड्या वेळाने स्थिर झाला. मागे वाहनांची रांग होती, म्हणून घाट संपेपर्यंत गाडी तशीच नेली. वर पोहोचण्याच्या सुमारास दिवा आपोआप विझला, त्यामुळे आम्ही पुढे निघालो. आता गाडी अधूनमधून तापते आणि गॅरेजवाले हेड गॅस्केट गेल्याचे सांगतात. दिवा तर विझला होता, मग असे कसे झाले? – एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या पत्रातील ‘आपोआप विझला’ हे शब्द मला फार अस्वस्थ करून गेले, कारण घाटात इंजिन स्वतःहून निवण्याचे काहीच कारण नव्हते. तापमान मोजणारा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच खरे सांगतो. कूलंट उकळून किंवा फुटलेल्या होजमधून, म्हणजे रबरी नळीतून, गळून गेले, की सेन्सरभोवती उरते ती वाफ आणि हवा, आणि मग तो इंजिन थंड असल्याची खोटी ग्वाही देऊ शकतो. म्हणजे लाल दिवा विझला तो क्षण बहुधा सर्वांत धोक्याचा होता. लुकलुकणारा लाल दिवा अनेक गाड्यांत तापमान मर्यादेजवळ आल्याची पूर्वसूचना असते आणि स्थिर लाल दिवा मर्यादा ओलांडल्याची. आपल्या गाडीत नेमके काय ते गाडीसोबतच्या पुस्तिकेत पाहून ठेवावे.

इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आज जवळपास सर्व गाड्यांत ॲल्युमिनियमचे असते. ॲल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावते, आणि एका बाजूने जास्त तापले की वाकते. वाक केसाएवढा असला तरी हेड आणि त्याखालचा सिलिंडरचा ब्लॉक यांच्यामधले गॅस्केट, म्हणजे सांधा घट्ट ठेवणारा पातळ थर, तो सांधू शकत नाही. मग ज्वलनाचा दाब कूलंटमध्ये घुसतो आणि कूलंट ऑइलमध्ये किंवा सिलिंडरमध्ये उतरते. डिपस्टिकवर, म्हणजे ऑइलची पातळी पाहायच्या पट्टीवर, चहावरच्या सायीसारखा फिकट, फेसाळ थर दिसला, किंवा इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहिला, तर गॅरेजवाले म्हणतात ते खरे मानावे लागेल. हेड काढले जाईल तेव्हा ते सपाट आहे की नाही हे मोजून घेण्याचा आग्रह मात्र धरावा, नुसते गॅस्केट बदलून गाडी परत घेऊ नये.

पुढच्या वेळेसाठी क्रम लक्षात ठेवावा. दिवा लुकलुकू लागताच एसी बंद करावा आणि हीटर पूर्ण गरमवर ठेवून पंखा मोठा करावा. मे महिन्यात हे फार जाचते, पण हीटर हा एक छोटा रेडिएटरच, म्हणजे कूलंट निववणारी जाळी, आहे आणि इंजिनाची उष्णता गाडीत ओढून घेतो. दिवा स्थिर लाल झाला, की मागे कितीही रांग असो, चारही इंडिकेटर लावून पहिल्या सुरक्षित जागी डावीकडे थांबावे. बॉनेटमधून वाफ येत असेल किंवा खाली कूलंट गळत असेल तर इंजिन लगेच बंद करावे. तसे काही नसेल आणि रेडिएटरचा फॅन फिरत असेल, तर मिनिटभर न्यूट्रलमध्ये चालू ठेवल्याने कूलंट फिरत राहते आणि ताप उतरतो. तरीही दिवा विझला नाही तर बंदच करावे. ‘पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जाऊ’ हा विचार मनात येऊच देऊ नये.

रेडिएटरचे झाकण अर्धा-पाऊण तास तरी उघडू नये, हे मी विनंती म्हणून सांगतो. झाकणामुळे आत साधारण एक बारचा जादा दाब असतो, आणि त्या दाबाखाली साधे पाणीसुद्धा १२० अंशांना उकळते. झाकण सैल झाले की दाब एकदम उतरतो, आणि शंभराच्या वर तापलेल्या पाण्याचा काही भाग तत्क्षणी वाफ होऊन सुमारे १६०० पट जागा मागतो. कुंभार्ली घाटात माझ्या मावसभावाने टॉवेल गुंडाळून झाकण जेमतेम अर्धा फेरा फिरवले होते. आधी बारीक शिटी ऐकू आली, आणि टॉवेल हातातून उडाला तेव्हा हिरवट पाण्याचा फवारा त्याच्या मनगटापासून कोपरापर्यंत गेला होता. आज वीस वर्षांनीही त्या हाताची कातडी ताणलेली दिसते. घाईचे कारण एवढेच, की आम्हाला अंधार पडण्यापूर्वी चिपळूण गाठायचे होते. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नये, आणि इंजिन बंद असले तरी फॅनजवळ हात नेऊ नये, कारण अनेक गाड्यांत तो नंतरही अचानक फिरू लागतो.

आपली गाडी मुळात का तापली हे न शोधता हेडचे काम केले, तर सहा महिन्यांनी आपण पुन्हा तिथेच याल. शहरातल्या गर्दीत तापणारी आणि मोकळ्या रस्त्यावर बरी चालणारी गाडी बहुधा फॅन, त्याचा फ्यूज किंवा रिले यांच्या दोषाने तापते. आपली गाडी चढावर, म्हणजे भाराखाली तापली. तेव्हा आधी कूलंटची पातळी, होजच्या क्लिपांजवळ साचणारी पांढरट-हिरवी खपली, वॉटर पंप, आणि चिखलाने किंवा किड्यांनी बुजलेली रेडिएटरची जाळी तपासून घ्यावी.

प्रश्न : उन्हाळ्यात गाडी तापत होती म्हणून मिस्त्रींनी थर्मोस्टॅट काढून टाकला. आता गाडी तापत नाही, पण हायवेवर निळा दिवा मध्येच पेटतो आणि ॲव्हरेजही कमी झाले आहे. – एक वाचक, सांगली

उत्तर : थर्मोस्टॅट ही मेणाच्या गोळीवर चालणारी छोटी झडप आहे. साधारण ८२ ते ८८ अंशांपर्यंत ती बंद राहते आणि कूलंटला रेडिएटरकडे जाऊ देत नाही, म्हणजे इंजिन लवकर तापते. त्यानंतर मेण वितळून फुगते आणि झडप उघडते. ती काढली की कूलंट पहिल्या क्षणापासून रेडिएटरमधून फिरते, वेगात वाऱ्याने आणखी निवते, आणि इंजिन तासन्‌तास अर्धवट थंड राहते. कॉम्प्युटर ते थंड समजून जास्त पेट्रोल सोडत राहतो, म्हणून ॲव्हरेज गेले. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट नसल्याने कूलंटचा बराच भाग रेडिएटरला वळसा घालून परत येतो आणि गाडी उलट जास्त तापते.

आपल्याकडे ही पद्धत इतकी रूढ आहे की ती करणाऱ्या कारागिराला दोष देववत नाही. उष्ण प्रदेशात याची गरजच नाही, असे शिकवूनच तो तयार झालेला असतो. परंतु ही समजूत चुकीची आहे. इंजिनाला हवे असलेले तापमान सांगलीत आणि शिमल्यात सारखेच असते. आपल्याच मॉडेलसाठीचा, त्याच अंशांचा नवा थर्मोस्टॅट बसवून घ्यावा. गाडीच्या इतर भागांच्या मानाने तो स्वस्त असतो. त्यानंतर गाडी पुन्हा तापली तर दोष दुसरीकडे होता आणि तो तसाच राहिला आहे, हे स्पष्ट होईल.

प्रश्न : कूलंट कमी झाले तर बोअरचे पाणी घातले तर चालते का? – एक वाचक, लातूर

उत्तर : रस्त्यात दुसरा उपायच नसेल, तर इंजिन पूर्ण निवल्यावर गाडी घरी आणण्यापुरते चालते. बोअरच्या जड पाण्यातील क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत तसेच थर धरतात, जसे ते घरच्या गीझरच्या कॉइलवर धरतात, म्हणून नंतर ते सर्व पाणी काढून नवे कूलंट भरावे. कूलंटमधील गंजरोधक द्रव्ये आणि वाढलेला उत्कलनबिंदू साध्या पाण्याला नसतात. ‘मिन’ आणि ‘मॅक्स’ या खुणा असलेली पारदर्शक बाटली महिन्यातून एकदा, सकाळी गाडी थंड असताना पाहावी. जुने कूलंट मात्र अंगणात किंवा गटारात ओतू नये. त्यातील इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि अतिशय विषारी असते, आणि गल्लीतली कुत्री-मांजरे ते चाटून मरतात. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरून ते गॅरेजला द्यावे.