मुलीने आजोबांना जाब विचारला, आता काय करू?

मेलबर्नच्या एका ताईंचं पत्र आलंय. सुट्टीत त्या सांगलीला सासरी गेल्या होत्या. सहा वर्षांच्या मुलाच्या हातून आजीला मदत करताना लोणच्याची बरणी फुटली. सगळे 'असू दे' म्हणाले, तरी तो 'मी वाईट आहे' म्हणत रडत राहिला. आणि चौदा वर्षांच्या मुलीने सगळे जेवायला बसलेले असताना आजोबांना विचारलं, "कामाच्या मावशींचा कप वेगळा का ठेवता?" तेव्हापासून आजोबा तिच्याशी बोलत नाहीत. ताई विचारतात, आमचे संस्कार कुठे कमी पडले?

ताई, कुठेच नाही. दोघंही आपापल्या वयाप्रमाणे बरं-वाईट ठरवताहेत.

जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने मुलांना दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एका मुलाने दार उघडलं आणि त्याच्या नकळत मागचे पंधरा कप फुटले. दुसऱ्या मुलाच्या हातून चोरून जॅम काढताना एकच कप फुटला. जास्त चूक कुणाची? लहान मुलं बहुतेक पंधरा कपवाल्याला दोषी धरत, मोठी मुलं हेतू बघत. हे त्यांनी १९३२ साली मांडलं. पुढच्या अभ्यासांत असंही दिसलं, की हेतू ठळकपणे सांगितला तर चार-पाच वर्षांच्या मुलालाही तो कळतो. म्हणून नुसतं 'असू दे' पुरत नाही. "तू आजीला मदत करत होतास, बरणी हातातून निसटली" असं त्याला स्पष्ट सांगा. आजीलाही फोनवर तेच सांगायला लावा.

मुलीकडे मात्र जास्त लक्ष द्यायला हवं. मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोहलबर्ग यांनी १९५८च्या शिकागोतल्या प्रबंधासाठी १० ते १६ वयाच्या ७२ मुलग्यांना पेचाचे प्रसंग घालून त्यांची कारणं ऐकली. त्यांच्या मते बरं-वाईट ठरवण्याची कारणं अशी पायरीपायरीने बदलतात: आधी शिक्षेची भीती, मग आपल्या माणसांनी चांगलं म्हणावं ही ओढ, मग कायदा आणि व्यवस्था, आणि त्यापुढे नियमच न्याय्य आहे का हा प्रश्न. तिथवर सगळी मोठी माणसंही पोचत नाहीत. मानसशास्त्रज्ञ कॅरल गिलिगन यांनी १९८२ साली यावर आक्षेप घेतला, की या मांडणीत न्यायाला मान आहे, पण माणसांची काळजी घेण्याला नाही. मला तो पटतो. तुमच्या लेकीने न्याय पाहिला. आता तिला विचारा, त्या क्षणी मावशींना काय वाटलं असेल? आणि आजोबांना?

मानसशास्त्रज्ञ एलियट ट्युरिएल यांच्या कामाचा परदेशातल्या आईबापांना फार उपयोग आहे. बाईंनी परवानगी दिली तर वर्गात दुसऱ्याला मारलं तर चालेल का, असं विचारलं तर अगदी लहान मुलंही नाही म्हणतात. पण गणवेशासारखे नियम बदलले तर त्यांना चालतं. म्हणजे दुसऱ्याला दुखावणं आणि नुसती रीत मोडणं यांतला फरक त्यांना कळतो. पाया पडणं, उष्टं न खाणं या आपल्या रीती आहेत. त्या प्रेमाने शिकवा, मुलाला नकोशा वाटल्या तर सक्ती करू नका. वेगळा कप ही रीत म्हणून सोडून देता येणार नाही, कारण त्यात एका माणसाचा अपमान आहे. मुलगी बरोबर आहे, आणि हे तुम्ही दोघांनी तिला उघड सांगायला हवं.

पत्रात तुम्ही ओझरतं लिहिलंय, की आजोबा साताऱ्याला रयतच्या बोर्डिंगात राहून शिकले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळ काल्याला रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्यात जे वसतिगृह सुरू केलं, तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, काम करायची, एका पंगतीला जेवायची. लेकीला सांगा, आजोबांना फोन करून त्यांच्या बोर्डिंगच्या दिवसांबद्दल विचार: शेजारी कोण जेवायला बसायचं, भांडी कोण घासायचं. कपाचा विषय तिने काढू नये. तो तुमच्या यजमानांनी वडिलांशी एकट्याने बोलावा, नातीवर ते ओझं नको.

तिने माफी मागावी का, हेही तुम्ही विचारलंय. सगळ्यांसमोर बोलली म्हणून आजोबांना वाईट वाटलं, तेवढ्यापुरती मागू दे. प्रश्न विचारल्याबद्दल मागायला लावू नका.