घर तपासायला येणाऱ्या इंजिनिअरला काँक्रीट कळतं का, हे कसं ओळखायचं?

सांगलीत तयार बंगला घेताय ना? मग तपासणीला आलेल्या माणसाला आधी कव्हर विचारा. सळईबाहेर काँक्रीटचा थर किती हवा? साधारण स्लॅबला 20, बीमला 25, कॉलमला 40 मिमी, हे त्याच्या जिभेवर हवं.

मग स्लॅबखाली न्या आणि सळईच्या रेषेत सरळ गेलेली चीर दाखवा. "प्लास्टरची आहे, पुट्टी मारा" म्हणाला तर तिथूनच नमस्कार करा. जाणकार माणूस हातोडीने ठोकून बद्द आवाज येतो का ऐकतो, थोडं प्लास्टर काढून सळई गंजलीय का बघतो. चीर आतल्या गंजाने पडली असेल तर पुट्टीखाली ती वाढतच राहते, म्हणून मी यावर एवढा जोर देतोय.

क्युरिंगचंही, म्हणजे ओतलेलं काँक्रीट किती दिवस पाण्याने ओलं ठेवायचं याचंही विचारा. ओपीसीला (साधं पोर्टलँड सिमेंट) किमान 7 दिवस, पीपीसीला (फ्लाय अ‍ॅशसारखी राख मिसळलेलं सिमेंट) 10. घरांना बहुतेक पीपीसीच वापरतात, त्यामुळे नुसतं "सात दिवस" हे उत्तर अपुरं.

आणि कृष्णाकाठची काळी माती! पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. भिंतीवरची तिरकी चीर बघूनही जो पाया किती खोल, कशावर टेकलाय हे विचारत नाही, त्याच्या अहवालावर व्यवहार करू नका.